चाकांचा आवाज ओळखा, अपघात टाळा

दिनांक १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. महाराष्ट्रातील शासकीय प्रवासी वाहतुकीचा प्रारंभ ज्या रस्त्यावर झाला, त्या रस्त्याच्या टोकाशी असलेला हा जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि चौदा तालुक्यांचा हा जिल्हा विस्ताराने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले किंवा कोपरगाव येथील माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी कामासाठी यायचे म्हटले तरी जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास घडतो. त्यातच शिर्डी आणि शनिशिंगणापूर येथे येणाऱ्या भाविकांची वाहने, साखर कारखान्यांकडे जाणारी उसाची वाहतूक आणि इमामपूर, करंजी, चंदनापुरी यांसारखे घाट. अशा जिल्ह्यात मोटारीची चाके सुस्थितीत असणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न आहे.

वाहनांच्या चाचणीशी या शहराचे नाते जुने आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना येथील वाहननगरात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी घेण्याचा अधिकार ज्या संस्थांना देण्यात आला आहे, त्यांत या आस्थापनेचा समावेश आहे. तथापि ही चाचणी नमुन्याची असते. तो नमुना पाहून तयार झालेली मोटार पुढे पाच-सात पावसाळे खड्ड्यांतून धावल्यावर तिच्या चाकांची अवस्था काय झाली, हे त्या चाचणीवरून कळत नाही. प्रवासी व मालवाहू वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र प्रथम पंधरा वर्षांसाठी होते. मधल्या काळात प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र लागते, परंतु त्यात धुराची तपासणी होते, चाकांची नव्हे. म्हणजे घरच्या मोटारीच्या चाकांचा तपासनीस पंधरा वर्षे तिचा मालकच असतो. या तपासनिसाजवळ यंत्रसामग्री नसते, पण कान असतात. आणि सुदैवाने चाकातील बहुतेक दोष प्रथम कानालाच कळतात.

ही विद्या ग्रामीण भागास नवी नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव सैल होते आणि गाडी खडखडू लागते. तो आवाज ऐकून शेतकरी चाक पाण्यात भिजत ठेवीत असे. आस कुरकुरू लागला की वंगणाची वेळ झाली, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. मोटारीचे चाक अधिक गुंतागुंतीचे असले, तरी तेही आवाजाने आपली व्यथा सांगतेच. ती समजून घेण्याची रीत तेवढी माहीत असली पाहिजे.

प्रथम निरीक्षण, नंतर पाना

आवाज कानी पडताच मोटार दुरुस्तीस नेऊन ‘चाकातून आवाज येतो’ एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगण्यासारखे आहे. त्यातून अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, खर्च वाढतो आणि पुष्कळदा आवाज तसाच राहतो. म्हणून निदानाची सुरुवात प्रश्नांनी करावी. आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो? वेगाबरोबर तो वाढतो काय? सरळ जाताना येतो, की वळताना? ब्रेक दाबल्यावर सुरू होतो, की थांबतो? खड्ड्यातून जातानाच येतो काय? रस्ता बदलला की त्याचा सूर बदलतो काय? या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्धे निदान झाले असे समजावे.

त्यातही पहिली गोष्ट म्हणजे आवाज चाकाचा की इंजिनाचा, हे ठरविणे. सपाट व मोकळ्या रस्त्यावर एकच वेग कायम ठेवून एकदा वरच्या आणि एकदा खालच्या गिअरमध्ये मोटार चालवावी. गिअर बदलला की इंजिनाच्या फेऱ्या बदलतात, चाकांच्या बदलत नाहीत. दोन्ही वेळी आवाज सारखाच राहिला, तर तो चाकांकडील आहे. त्याच रस्त्यावर क्षणभर गिअर न्यूट्रलमध्ये आणूनही हीच खात्री करता येते. मात्र असे करताना इंजिन बंद करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारे साहाय्य लवकरच संपते, आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. घाटात तर न्यूट्रलचा प्रयोग कधीही करू नये.

ठोक्यांच्या आवाजाबाबत साध्या हिशेबाचाही उपयोग होतो. लहान मोटारीच्या चाकाचा परीघ साधारण १.८ मीटर असतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने चाक सेकंदास साडेपाच फेरे घेते. म्हणून चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदा होणारा ठोका या वेगाला सेकंदात पाच-सहा वेळा ऐकू येईल. मोटार माणसाच्या झपाझप चालण्याइतकी हळू, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर वेगाने नेली, तर सेकंदास एकदाच. ठोका असा चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेला असेल, तर दोष टायर, रिम, नट किंवा ब्रेकचा ड्रम यांपैकी चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात शोधावा.

घरघर : बेअरिंग की टायर?

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो या दोहोंत. दोन्हींचा आवाज घरघरीचा किंवा गुणगुणण्याचा असतो आणि दोन्ही वेगाबरोबर वाढतात. त्यामुळे टायर झिजलेला असताना बेअरिंग बदलले जाते, आणि बेअरिंग निकामी होत असताना ‘टायरचा आवाज आहे’ म्हणून मालक निश्चिंत राहतो. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसऱ्या चुकीत चाक जाऊ शकते.

बेअरिंगमध्ये दोन पोलादी कडी असतात, त्यांच्यामध्ये गोळ्या किंवा रूळ असतात आणि सर्वांवर ग्रीसचा थर असतो. ग्रीस आटले, अथवा पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून मोटार नेताना आत पाणी शिरले, की कड्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात. त्या खड्ड्यांवरून प्रत्येक गोळी जाताना लहानसा ठोका होतो; अशा असंख्य ठोक्यांची मिळून घरघर होते. चाकावर भार वाढला की ठोका जोरदार होतो, आणि याच गोष्टीचा निदानासाठी उपयोग होतो. एस.टी. उजवीकडे वळते तेव्हा उभा असलेला प्रवासी डावीकडे झुकतो. तसाच मोटारीचा भारही डाव्या चाकांवर जातो. म्हणून रुंद व रिकाम्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या सुमारास मोटार हलकेच उजवीकडे वळविल्यावर घरघर वाढली आणि डावीकडे वळविल्यावर कमी झाली, तर डाव्या बाजूच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट अनुभव आल्यास उजव्या बाजूचा. क्वचित ही खूण फसवते, म्हणून जॅकवर चाक उचलून खात्री करून घ्यावी.

टायरचा आवाज वळणावर फारसा बदलत नाही. तो रस्त्याप्रमाणे बदलतो. खरबरीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर येताच सूर पालटला, तर कारण टायर असण्याचा संभव अधिक. टायरवरून तळहात एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे हलकेच फिरवावा. हात फिरविण्यापूर्वी तार किंवा खिळा बाहेर आलेला नाही, हे पाहून घ्यावे. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले आहे. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे लागले, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेले असावेत किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेलेले असावे. अशा वेळी केवळ टायर बदलून भागत नाही. मूळ दोष काढला नाही तर नवे टायरही तसेच झिजतात. शंका राहिलीच, तर पुढची चाके मागे व मागची पुढे लावून पाहावीत. आवाजानेही जागा बदलली, तर तो टायरचा; तो होता तेथेच राहिला, तर बेअरिंगचा.

टायर तपासतानाच त्याच्या खाचांतील आडव्या पट्ट्याही पाहाव्यात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की या पट्ट्या तिच्या पातळीस येतात. त्यानंतर तो टायर वापरू नये. डांबरीकरणाच्या कामाजवळून गेल्यावर ऐकू येणारी टकटक पुष्कळदा खाचेत अडकलेल्या खड्याची असते. तो खडा बोथट साधनाने काढला की आवाज थांबतो. परंतु खड्याऐवजी खिळा दिसला, तर तो तेथेच उपटू नये. हवा राहिली असेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू जावे, नाही तर स्टेपनी लावावी.

ब्रेकचे आवाज

पावसात रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी निघताना पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी खरखर त्या थराची असते आणि ती लगेच नाहीशी होते. तिची चिंता करण्याचे कारण नाही. डिस्क आणि तिच्या मागील पत्र्याच्या ढालीमध्ये खडा अडकल्यास एकाएकी कर्णकटू आवाज सुरू होतो. मोटार मागेपुढे केल्याने तो खडा पुष्कळदा पडून जातो. न पडल्यास चाक काढून तो काढावा.

पुढे-पुढे नियमाने ऐकू येणारी ‘चीं’ अशी बारीक किंकाळी मात्र अर्थपूर्ण असते. अनेक ब्रेक पॅडना पोलादाची लहानशी जीभ बसविलेली असते. पॅड झिजून पातळ झाला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. ही निर्मात्याने मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. ती मिळाल्यावर काही दिवसांतच पॅड बदलून घ्यावेत. सूचना दुर्लक्षिली तर किंकाळीची जागा खरड घेते. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड आवाज आणि पायाखाली थरथर, याचा अर्थ पॅडचे अस्तर संपले आणि त्याचा पोलादी पाठीचा पत्रा डिस्क कापू लागला. करंजी किंवा इमामपूर घाटाच्या माथ्यावर हा आवाज आला, तर पुढे उतरू नये. त्या ब्रेकवर उताराचा भार टाकणे म्हणजे आपल्याबरोबर इतरांचाही जीव टांगणीला लावणे होय.

एकच चाक सतत घासल्यासारखे वाजते, मोटार एका बाजूस ओढते आणि थांबल्यावर त्या चाकाजवळ जळका वास येतो, तेव्हा ब्रेक सुटत नाही असे समजावे. अशा चाकाच्या रिमला थेट हात लावू नये. हाताची मागील बाजू काही अंतरावर धरून चारही चाकांच्या उष्णतेची तुलना करावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतण्याची सवय घातक आहे. एकाएकी थंड झालेली डिस्क वाकडी होते किंवा तिला तडा जातो. हॅन्डब्रेक अर्धवट ओढलेला राहून गेला नाही ना, हेही प्रथम पाहावे. मागील चाकांना ड्रम असल्यास त्यात साचलेली धूळ, तुटलेली स्प्रिंग किंवा झिजलेले लायनर यांमुळेही खरखर होते. त्यासाठी ड्रम उघडून साफ करून घ्यावा.

टकटक आणि खडखड

पुढच्या चाकांना गती मिळणाऱ्या मोटारीत चौकात पूर्ण वळताना, विशेषतः वळता वळता वेग वाढविताना, ‘टक्‌टक्‌टक्’ असा आवाज आला, तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरील सांध्याचा असतो. हा सांधा रबरी आवरणात ग्रीस भरून ठेवलेला असतो. आवरण फाटले की ग्रीस बाहेर उडते आणि माती आत जाते. चाकाच्या आतील बाजूस ग्रीसचे शिंतोडे दिसू लागले आणि आवाज अद्याप सुरू झाला नाही, अशा अवस्थेत केवळ आवरण व ग्रीस बदलून काम भागू शकते. टकटक सुरू झाल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो. तेलपाणी बदलताना चाकाच्या मागे एकदा नजर टाकण्याचा लाभ येथे दिसून येतो.

जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या वाहनात निघताना किंवा गिअर बदलताना एकच ‘टक्’ होत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असावा. मोटार चालू लागताना हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव येत असेल, तर त्याच क्रॉसचे ग्रीस संपले आहे, असे समजावे.

खड्ड्यातच येणारा खडखडाट चाकाचा वाटला, तरी तो सहसा चाक धरून ठेवणाऱ्या भागांचा असतो. बॉल जॉइंट, रबरी बुश, स्टॅबिलायझरचे दुवे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची तपासणी करावी. जास्त प्रवासी भरलेल्या वाहनात खड्ड्यावर टायर मडगार्डला घासल्याचा आवाज येतो. त्यावरचा उपाय दुरुस्ती नसून भार कमी करणे हा आहे. भार कमी करूनही आवाज राहिला, तर पाटे बसले आहेत किंवा त्यांचा मधला बोल्ट तुटून कणा सरकला आहे काय, हे पाहावे.

सैल नट : सर्वांत साधा आणि सर्वांत घातक दोष

पंक्चर काढून किंवा टायर बदलून निघाल्यावर थोड्याच अंतरात हळू वेगात ‘धप्-धप्’ किंवा ‘खट्-खट्’ असा आवाज सुरू झाला आणि स्टिअरिंग किंवा मागची बैठक डुलल्यासारखी वाटली, तर मोटार त्याच क्षणी बाजूस घेऊन थांबवावी. चाकाचे नट सैल झाल्याची ही लक्षणे आहेत. आणखी थोडे अंतर जाण्याचा मोह घातक ठरतो. सैल चाक स्टडवर हादरे देत राहते, भोके मोठी होतात, स्टड तुटतात आणि चाक वेगळे होऊन समोरून येणाऱ्यावर जाऊ शकते.

हा दोष टाळणे अगदी सोपे आहे. चाक बसविण्यापूर्वी रिम व हब यांच्यामधील माती आणि गंज पुसून काढावा. नट प्रथम हाताने लावावेत, नंतर समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. एकापाठोपाठ एक आवळल्यास चाक तिरपे बसते. मोटार जॅकवरून खाली आणल्यावर अखेरचा पीळ द्यावा. अनेक लहान मोटारींसाठी हा पीळ ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका सांगितलेला असतो. आपल्या मोटारीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. पान्यावर उभे राहून नट आवळणे म्हणजे स्टड ताणून कमकुवत करणे होय. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत. काही जुन्या जीपगाड्यांच्या व ट्रकच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने जोर लावला की आवळण्याऐवजी नट सैल होतो, हे विसरू नये.

खड्ड्यात जोराने आदळल्यानंतर सुरू झालेली धपधप वेगळ्या कारणानेही होते. टायरच्या आतील धागे तुटून त्याच्या कडेस किंवा माथ्यावर फुगा येतो आणि प्रत्येक फेऱ्यास तो रस्त्यावर आपटतो. असा टायर केव्हा फुटेल याचा नेम नसतो. स्टेपनी लावूनच पुढे जावे.

जॅकवरची तपासणी

घरी करता येण्याजोगी ही तपासणी सपाट व घट्ट जमिनीवर करावी. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि जॅकबरोबर भक्कम स्टँडचा आधार द्यावा. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

चाक उचलल्यावर एक हात वर आणि एक हात खाली धरून ते आत-बाहेर हलवावे. चाक खुळखुळले, तर एकाने ब्रेक दाबून धरावा व दुसऱ्याने पुन्हा हलवावे. ब्रेक दाबताच खुळखुळ नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगमध्ये; तशीच राहिली, तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये. त्यानंतर दोन्ही हात डावी-उजवीकडे धरून हलवावे. याच दिशेने खुळखुळ लागली, तर स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोके पाहावीत. शेवटी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे स्प्रिंगवर ठेवावीत. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर कानाला ऐकू आली नाही, तरी ती स्प्रिंगमधून बोटांना जाणवते.

जुन्या वाहनांत निमुळत्या रुळांचे बेअरिंग असते. ते धुऊन, नवे ग्रीस भरून, नट योग्य तितका आवळून व थोडा सैल करून, नवी कॉटर पिन घालून पुन्हा वापरता येते. नव्या मोटारींचे बेअरिंग बहुधा बंदिस्त असते. त्यास ग्रीस भरता येत नाही, ते बदलावेच लागते. ते प्रेसवर दाबूनच बसविले पाहिजे. हातोडीने ठोकून बसविल्यास त्याच्या कड्यांवर वण उमटतात आणि नवे बेअरिंग काही महिन्यांतच घरघरू लागते. अनेक मोटारींत ए.बी.एस.ची गती मोजणारी खूण याच बेअरिंगवर असते. त्यामुळे घरघरीबरोबर ए.बी.एस.चा दिवा लागला, तर दोन्हींचे मूळ एकच असू शकते.

ट्रॉलीचे चाक बोलत नाही

उसाच्या गळीत हंगामात एक अडचण विशेष जाणवते. ट्रॅक्टरच्या आवाजात मागच्या ट्रॉलीच्या चाकाची घरघर चालकास ऐकूच येत नाही. बेअरिंग तापते, ग्रीस वितळून बाहेर येते, रूळ अडकतात आणि भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या मध्यभागी बसते. तिच्यावर मागून येणारे वाहन आदळण्याचा धोका मोठा असतो. येथे कानाचे काम हाताने करावे. प्रत्येक खेपेनंतर हबजवळ हाताची मागील बाजू नेऊन चारही हबांच्या उष्णतेची तुलना करावी. एकच हब इतरांपेक्षा गरम लागला, तर पुढची खेप करू नये. हंगामापूर्वी सर्व हब उघडून ग्रीस भरणे आणि ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या लावणे, ही दोन्ही कामे कमी खर्चाची आहेत.

केव्हा थांबावे?

निदान पूर्ण होण्यापूर्वीच वाहनचालकास एक निर्णय करावा लागतो : पुढे जावे की थांबावे? त्यासाठी आवाजांचे तीन वर्ग ध्यानात ठेवावेत.

तत्काळ थांबविणारे आवाज असे : चाक डुलत असतानाची धपधप, टायरच्या फुग्याचा ठोका, ब्रेक दाबताच होणारी लोखंडी खरड, जळक्या वासासह होणारी घासट आणि चाक खुळखुळत असतानाची मोठी घरघर. यांपैकी काहीही असल्यास मोटार रस्त्याच्या बाहेर घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे आणि मोटार टोचन करून न्यावी.

दुसरा वर्ग लवकर दुरुस्ती मागणाऱ्या आवाजांचा : खुळखुळ नसलेली बेअरिंगची गुणगुण, वळणावरील टकटक, ब्रेकची किंकाळी, खड्ड्यातील खडखड. मोटार हळू चालवून जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. पण याच अवस्थेत कुटुंबासह घाट उतरण्याचा बेत करू नये. तिसरा वर्ग किरकोळ आवाजांचा : खाचेतील खडा, डिस्कवरील सकाळचा गंज, टायरच्या नक्षीची सर्वकाळची गुणगुण.

आवाज सवयीचा होतो, ही यातील मोठी अडचण आहे. बेअरिंगची घरघर एका दिवसात वाढत नाही. ती इतकी हळूहळू वाढते की रोज मोटार चालविणाऱ्याच्या कानांना ती जाणवेनाशी होते, आणि कधीतरी बसणारा पाहुणाच ‘आवाज कसला?’ असे विचारतो. त्या प्रश्नास ‘नेहमीचाच आहे’ असे उत्तर देण्यापूर्वी काचा खाली करून, रेडिओ बंद करून एकदा लक्षपूर्वक ऐकावे.

राज्य परिवहनाची बस आगारात परतली की चालक तिच्यातील दोष नोंदवतो आणि त्या नोंदीवरून कार्यशाळेत तपासणी होते. खाजगी मोटारीच्या मालकानेही हीच शिस्त अंगी बाणवावी. मोटारीत एक छोटी वही ठेवावी. आवाज प्रथम कोणत्या दिवशी, कोणत्या वेगाला, सरळ जाताना की वळताना ऐकू आला, ब्रेकने त्यात काय फरक पडला, टायर व नट शेवटचे केव्हा पाहिले, एवढ्या चार ओळी तीत लिहाव्यात. ती वही गॅरेजमधील कारागिरापुढे ठेवली की त्याचे काम सोपे होते आणि मालकाचा अनावश्यक खर्च वाचतो. शिर्डीच्या रस्त्यावर किंवा करंजीच्या वळणावर समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाची सुरक्षितताही त्या चार ओळींवर अवलंबून असू शकते.